साक्ष दिली, आता डॉक्टरकडे कशी जाऊ?

प्रिय मावशी, सप्रेम सलाम.

आम्ही नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचे, तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. आई एकोणसाठ वर्षांची, शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. फेब्रुवारीत तिच्या डाव्या स्तनात गाठ लागली. एप्रिलमध्ये बायोप्सी झाली, कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, दुसरी स्टेज आहे, आधी केमो देऊ, गाठ लहान झाली की ऑपरेशन करू, बरं होण्यासारखं आहे. तारीखही मिळाली. त्याच्या आदल्या रविवारी माझा भाऊ तिला त्याच्या फेलोशिपच्या चंगाई सभेला घेऊन गेला. तिथल्या पास्टरांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, तेल लावलं आणि माइकवर विचारलं, ‘बरं वाटतंय ना?’ आईने सगळ्यांसमोर साक्ष दिली की प्रभूने मला बरं केलं. तेव्हापासून ती दवाखान्याचं नाव काढू देत नाही. पास्टर म्हणतात, आता केमो घेतला तर तो अविश्वास ठरेल आणि मिळालेलं आरोग्य परत जाईल. दोन महिने झाले. परवा आंघोळीच्या वेळी मी पाहिलं, गाठ आहे तिथेच आहे. मला तर मोठी झाल्यासारखी वाटली. मी विषय काढला तर आई म्हणाली, ‘मी साक्ष दिली आहे, आता डॉक्टरकडे कशी जाऊ?’ भाऊ म्हणतो, तुझ्याच अविश्वासामुळे अडलंय. माझे मिस्टर म्हणतात, सगळं थोतांड आहे. माझी मोठी मावशी याच आजारात केमो घेता घेता हाल हाल होऊन गेली, तेही घरात सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आहे. मी रोज प्रार्थनेला बसते, पण मन लागत नाही. माझा विश्वास खरंच कमी आहे का? आणि आईला नेऊ कशी?

तुमची, स.

प्रिय स.,

पत्रं रांगेने घ्यायची माझी पद्धत आहे. तुझं रांग मोडून घेतलं. या आजारात दोन महिने थोडे नाहीत, पण दोन महिन्यांत सगळं हातचं गेलं असंही नाही. तेव्हा आधी हातपाय गाळू नकोस.

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच वाक्याशी अडखळले. ‘मी साक्ष दिली आहे, आता डॉक्टरकडे कशी जाऊ?’ मला बरं वाटतंय, जायची गरज नाही, असं आई म्हणत नाहीये. ती विचारतेय, कशी जाऊ. म्हणजे गाठ आहे हे तिलाही ठाऊक आहे. रोज आंघोळ करणाऱ्या बाईला ते कळल्याशिवाय कसं राहील? तिला धरून ठेवलंय ते माइकवर बोललेल्या एका वाक्याने. विचार कर, सभा भरलेली आहे, गाणं चाललंय, डोक्यावर हात आहे, पोटचा मुलगा आशेने तोंडाकडे बघतोय, आणि वरून प्रश्न येतो, बरं वाटतंय ना? कोण नाही म्हणेल? मी असते तर मीही हो म्हटलं असतं. त्यात ही शाळेतली बाई, जन्मभर दिलेल्या शब्दाला जागलेली. आता शब्द फिरवला तर मुलगा खोटा पडेल, पास्टर खोटे पडतील आणि प्रभूच्या नावाला बट्टा लागेल, असं ओझं तिने एकटीने उचललंय.

म्हणून माझं सांगणं एवढंच, की आईला विश्वासातून बाहेर काढायला जाऊ नकोस. त्या साक्षीतून बाहेर यायला तिला मानाची वाट करून दे. वाट कुठून आहे ते सांगते, पण आधी तुझ्या प्रश्नाचं बघू.

बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात कफर्णहूम गावातले चौघे एका पक्षाघाती माणसाला बाजेवर घालून आणतात. गर्दीमुळे दारातून शिरता येईना, तर छप्पर उसकून त्याला खाली सोडतात. मार्क लिहितो, येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला. आणणाऱ्यांचा. बाजेवरचा माणूस त्या प्रसंगात चकार शब्द बोलत नाही. आजारी माणसाला उचलून उपाय आहे तिथे नेणं, त्यासाठी कुणाचं तरी छप्पर उसकावं लागलं तरी, याला शुभवर्तमानात विश्वास म्हटलंय. तू तेच करू पाहतेयस. आणि प्रार्थनेत मन लागत नाही म्हणतेस, तर त्याच मार्कच्या नवव्या अध्यायातला तो बाप आठव. मुलाला फेफरं येतंय, आणि तो एका दमात म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. आधी तुझं मन ठीक करून ये, मग बघू, असं त्याला कुणी सांगितलं नाही. पोरगं बरं झालं.

भावाचं बोलणं मात्र मला झोंबलं. जन्मांध माणसाकडे बोट करून शिष्यांनी अगदी हेच विचारलं होतं, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशूने दोघांचंही नाही म्हणून विषय संपवला. आजाऱ्याच्या उशाशी बसून आरोपी शोधायची खोड तेवढी जुनी आहे. शिवाय या हिशोबात सांगणाऱ्याला तोटा कधी होतच नाही. रोगी बरा झाला तर प्रार्थना करणाऱ्याचं नाव, नाही झाला तर घरातल्या कुणाच्या तरी डोक्यावर खापर. असा धंदा आपल्या भाजीबाजारात कुणी चालवू दिला नसता.

पास्टरांचा आधार बहुतेक यशयाचा त्रेपन्नावा अध्याय असेल, त्याच्या जखमांनी आपल्याला आरोग्य मिळालं, ते वचन. माझंही ते लाडकं आहे. वॉर्डात कितीतरी जणींच्या उशाशी वाचलंय. पण त्याच पुस्तकात पंधरा अध्याय मागे जा. हिज्कीया राजा मरायला टेकलाय. भिंतीकडे तोंड करून रडतो, प्रार्थना करतो, देव ऐकतो आणि पंधरा वर्षं आयुष्य वाढवून देतो. आणि मग यशया काय सांगतो? अंजिरांचा लेप करून गळवावर बांधा. वचन आधी, लेप मागून. देवाने हो म्हटलंय तर आता लेप कशाला, असा प्रश्न संदेष्ट्याला पडला नाही. पास्टरांच्या हिशोबाने त्या लेपाबरोबर राजाचं आरोग्य परत जायला हवं होतं.

प्रेषित पौलाच्या हातून माणसं बरी होत. पण त्याचा शिष्य तीमथ्य याच्या पोटाच्या तक्रारीवर तो लिहितो, नुसतं पाणी पिऊ नकोस, थोडा द्राक्षारस घे. सोबती त्रफिमाला मिलेत गावात आजारीच ठेवून पुढे जावं लागलं, हेही सरळ लिहून टाकतो. स्वतःच्या देहातल्या काट्यासाठी त्याने तीनदा विनवणी केली, काटा गेला नाही, माझी कृपा तुला पुरे आहे असं उत्तर आलं. आणि त्याच्याबरोबर फिरणारा लूक वैद्य होता. कलस्सैकरांच्या पत्रात पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो, पूर्वाश्रमीचा वैद्य म्हणत नाही.

आपल्या मराठी ख्रिस्ती माणसांना हे समजायला मिलेतापर्यंत जायलाही नको. केडगाव पुरे. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली आध्यात्मिक जागृती झाली तेव्हा तिथल्या मुलींच्या प्रार्थनेची ख्याती देशाबाहेर गेली. त्याच रमाबाईंची एकुलती एक लेक, मनोरमाबाई, १९२१ साली आई हयात असताना गेली. वर्ष व्हायच्या आत, १९२२ च्या एप्रिलमध्ये, रमाबाईही गेल्या. केडगावात त्या लेकीसाठी प्रार्थना कमी पडली असेल, असं म्हणशील? मूळ भाषा शिकून मराठीत बायबल आणणाऱ्या बाईला अविश्वासी म्हणायची कुणाची छाती आहे? मग तुलाच का म्हणावं?

आणि औषध म्हणजे अविश्वास, हे आपल्याकडे आलं तरी कधी? कॅनडात जन्मलेल्या डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली मिरजेत मिशन हॉस्पिटल उभं केलं, तिथे पुढे डॉक्टर आणि नर्स तयार झाले, आणि आपल्या समाजातल्या कितीतरी घरांत आजी नाहीतर आत्या मिशनच्या दवाखान्यात सिस्टर झाली. मंडळीची, म्हणजे चर्चची, घंटा आणि दवाखान्याची घंटा एकाच आवारात वाजायची. मी स्वतः चौतीस वर्षं अशाच एका दवाखान्यात काढली. भूल द्यायच्या आधी आमचे सर्जन टेबलापाशी प्रार्थना करायचे, आमेन म्हणायचे, आणि लगेच हात पुढे करून म्हणायचे, नाइफ. मधे कुठे भिंत होती असं मला कधी वाटलं नाही.

याच चौतीस वर्षांतली माझी एक चूक तुला सांगते, कारण तुझ्या मिस्टरांना ती उपयोगी पडेल. मी नोकरीत नवी होते. खेड्यातून एक बाई आली, पंचेचाळिशीची असेल. स्तनातली गाठ फुटून जखम झाली होती, पदराखाली कापड गुंडाळलेलं, वास येत होता. आठ-दहा महिने कुठे कुठे फिरवून शेवटी आणली होती. तिच्या उशाखाली प्रार्थना केलेल्या तेलाची लहानशी बाटली होती. राउंडच्या आधी चादरी नीट करताना मी ती उचलली, बाहेर खिडकीत ठेवली आणि वर बोलले, ‘इतके दिवस लावलंच ना हे? काय झालं?’ बाई काही बोलली नाही. सकाळी बेड रिकामा. रात्रीतून घरी घेऊन गेले. ती बरी झाली असती असं नाही, उशीर झालाच होता. पण रोज ड्रेसिंग झालं असतं, दुखणं कमी करता आलं असतं, वास आटोक्यात आला असता. माझ्या त्या एका वाक्याने तिचं तेवढंही गेलं. बाटली कितीतरी दिवस खिडकीतच होती. टाकायचं धाडस मला झालं नाही.

म्हणून तुझ्या मिस्टरांना निरोप. तुमची काळजी खरी आहे, पण ‘थोतांड’ हा शब्द या घरात काही महिने नको. कदाचित ते २००६ सालचा अमेरिकेतला तो प्रसिद्ध अभ्यास दाखवतील. बायपास झालेले १८०२ रुग्ण होते, त्यांतल्या काहींसाठी अनोळखी लोकांकडून प्रार्थना करवून घेतली. ऑपरेशननंतरच्या गुंतागुंतीत त्याने सुधारणा दिसली नाही. उलट, आपल्यासाठी प्रार्थना होतेय हे ज्यांना नक्की ठाऊक होतं, त्यांच्यात गुंतागुंत थोडी जास्तच निघाली. मला याचं नवल वाटलं नाही. प्रार्थना काही मिलिग्रॅममध्ये द्यायची वस्तू नव्हे. पण त्या शेवटच्या गोष्टीवर अभ्यासकांपैकी काहींनी एक शंका बोलून दाखवली होती. आपल्यासाठी एवढं चाललंय, तेव्हा आपण बरं व्हायलाच हवं, हा ताण रुग्णावर येत असेल का? तुझ्या आईची हकिगत वाचल्यावर मला ती शंका पटते.

आता वाट.

मार्कचा आठवा अध्याय आईबरोबर बसून वाच. बेथसैद्यातल्या आंधळ्याची गोष्ट आहे, चार-पाच ओळींची, सहसा कुणी त्यावर उपदेश करत नाही. येशू त्याला हाताला धरून गावाबाहेर नेतो. सभेच्या मध्यभागी नाही, गावाबाहेर. डोळ्यांवर हात ठेवतो आणि विचारतो, काही दिसतंय का? अगदी तुझ्या आईला विचारलं तसाच प्रश्न. आणि तो माणूस काय म्हणतो? माणसं दिसतात, पण झाडं चालल्यासारखी दिसतात. म्हणजे अजून नीट नाही. प्रत्यक्ष प्रभूने हात ठेवलेला असताना तो खरं बोलला. त्याचं आरोग्य परत गेलं नाही. येशूने दुसऱ्यांदा हात ठेवला आणि मग स्वच्छ दिसू लागलं. आईला म्हण, ‘आई, तू त्या दिवशी खोटं बोलली नाहीस. तुला शांती वाटली, तेवढं तू सांगितलंस. पण अजून माणसं झाडांसारखी दिसतायत, हे सांगायला तुला कुणी थांबूच दिलं नाही.’ साक्ष खोटी ठरवायची नाही. ती अर्धी राहिली आहे, एवढंच.

मग दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट, लूक सतरा. येशू त्यांना काय सांगतो? जा, स्वतःला याजकांना दाखवा. त्या काळी त्वचेचा रोग गेला की नाही हे तपासायचं काम याजकाचं होतं. तपासणी करून घ्या, असं बरं करणाऱ्यानेच सांगितलं, आणि ते वाटेत जाता जाता शुद्ध झाले. आता हे काम सोनोग्राफीवाल्याकडे आलंय. सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीला जाणारे आपले कॅथलिक शेजारी फ्रान्समधल्या लूर्द या तीर्थाचं नाव घेतात, तिथलीही रीत तीच. १८५८ पासून लाखो आजारी तिथे गेले. कुणी बरं झाल्याचं सांगितलं तर तिथल्या वैद्यकीय कार्यालयातले डॉक्टर जुने-नवे कागद तपासतात, वर्षानुवर्षं वाट बघतात. २०१८ सालापर्यंत चर्चने चमत्कार म्हणून मान्य केलेल्या घटना किती? सत्तर. एका रविवारी आमच्या तालुक्यात याहून जास्त जाहीर होतात.

आई कदाचित म्हणेल, प्रभूची परीक्षा पाहू नये. वचन बरोबर आहे, पण ते कुठे आलंय ते बघ. मंदिराच्या टोकावरून खाली उडी टाक, देवदूत तुला झेलतील, असं सैतान म्हणतो तेव्हा. हातात असलेली शिडी सोडून उडी मारायला लावणारा त्या गोष्टीत कोण होता, हे आईला विचारू नकोस. शिक्षिका आहे, तिचं ती ताडेल. आपल्याकडे ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ म्हणतात. आपण हरीच्या जागी प्रभू म्हणतो, खाटलं तेच.

पण मला वाटतं, या सगळ्याच्या खाली आणखी एक गोष्ट आहे, आणि ती तू पत्रात जाता जाता लिहून गेलीस. मोठी मावशी. तुझ्या आईने बहिणीचे हाल पाहिलेत. केमो म्हटलं की तिच्या डोळ्यांसमोर ती खाट येत असणार. सभेत ‘तुला औषधाची गरज नाही’ हे ऐकताना तिला प्रभूचा स्पर्श झाला असेल, मी नाही म्हणत नाही, पण सुटल्यासारखंही झालं असेल. एखाद्या संध्याकाळी भाजी निवडताना सहज विचार, ‘आई, मावशीचं तुला काय काय आठवतं?’ आणि मग गप्प बस. उत्तर द्यायची घाई करू नकोस, डॉक्टर बनू नकोस. तिला रडू दे. बायका खरं बोलतात ते हात कामात असताना.

त्यानंतर केव्हातरी, त्याच दिवशी नाही, तिला सांगता येईल की मावशीचा आजार आणि तिचा आजार एकच आहे असं धरून चालू नये. आता बायोप्सीच्या तुकड्यावरच हार्मोन रिसेप्टर आणि हर-टू या तपासण्या करतात आणि त्यावरून औषध ठरतं. कुणाला नुसत्या गोळ्यांचा मोठा आधार असतो, कुणाला इंजेक्शनचा. उलटीवरची औषधं पूर्वीपेक्षा पुष्कळ चांगली आहेत. केस जातात, ते बहुतेक परत येतात. आधी केमो देतात ते गाठ लहान करण्यासाठी, कधी कधी त्यामुळे पूर्ण स्तन काढावा लागत नाही. हे तिने डॉक्टरांनाच विचारू दे, तिच्या तोंडाने. आणि तुला एकटीला कळावं म्हणून सांगते, आईला ऐकवू नकोस. येल विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २०१८ साली अमेरिकेतल्या कॅन्सर रुग्णांच्या नोंदी पाहिल्या. बरा होण्यासारखा कॅन्सर असताना नेहमीचे उपचार नाकारून ज्यांनी फक्त पर्यायी उपाय धरले, त्यांच्यात मृत्यूचा धोका अडीच पट निघाला. स्तनाच्या कॅन्सरमध्ये साडेपाच पटींहून जास्त. तो प्रार्थनेचा अभ्यास नव्हता. उपचार सोडण्याचा होता. दुसरी स्टेज ही ताकद लावण्याची वेळ आहे. गाठ दुखत नाही म्हणून धोका नाही, असं होत नाही.

कुणाला बोलवायचं? तुमच्या मूळ मंडळीच्या पाळकांना. याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय म्हणतो, आजारी असेल त्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी येऊन तेल लावावं, प्रार्थना करावी. म्हणजे वडिलांनी आजाऱ्याकडे यायचं, आजाऱ्याने स्टेजवर जायचं असं तिथे नाही, आणि माइकचाही उल्लेख नाही. पाळकांना आधी एकटी भेट, सगळं सांग. मग त्यांनी घरी यावं, आईला तेल लावावं, आणि तेच तोंडाने म्हणावं, ‘बाई, उद्या दवाखान्यात जा, मंडळी तुमच्यामागे आहे.’ तुझ्याकडून ते वादासारखं ऐकू येईल. त्यांच्याकडून परवानगीसारखं येईल, आणि तिला परवानगीच हवी आहे. पाळक कचरणारे असतील तर महिला मंडळातली एखादी बाई शोध, जिने स्वतः हे उपचार घेतलेत. प्रत्येक मंडळीत असते एक तरी, फक्त बोलत नाही.

भावाला शत्रू करू नकोस. त्याने आईला सभेला नेलं ते प्रेमानेच, आणि तोही त्या साक्षीत अडकलाय. त्याला गाडी चालवायचं काम दे. तपासणीच्या दिवशी तोच घेऊन जाईल असं बघ. तपासणीच्या आधीच तिघांचं ठरू दे. गाठ निघाली नाही तर तू स्वतः त्यांच्या सभेत उभी राहून साक्ष देशील, निघाली तर केमोची तारीख घ्यायची. आधी ठरलं नाही तर रिपोर्ट हातात आल्यावर सैतानाने डोळ्यांवर पट्टी बांधली वगैरे सुरू होईल. आणि पास्टर मधे पडलेच, तर भावासमोर शांतपणे एकच विचार, ‘उपचार थांबवा असं तुम्ही लिहून द्याल का?’ अशा कागदावर सही करणारा मला तरी अजून भेटला नाही.

कायदा आहे. कॅन्सर जादूने बरा करतो अशी जाहिरात करणाऱ्याला १९५४ चा कायदा लागू पडतो. राज्याचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावण्याला गुन्हा ठरवतो. पण तुझ्या घरातली गाठ पोलीस सोडवणार नाहीत, म्हणून तिकडे आत्ता वळू नकोस. आपल्या प्रार्थनासभांकडे वाकड्या नजरेने बघणारे पुष्कळ आहेत हेही मला कळतं. मात्र बाहेरचे नावं ठेवतील म्हणून घरातल्या बाईने औषधावाचून राहायचं, हे मला मान्य नाही.

पैशाचं तू काही लिहिलं नाहीस. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात, कॅन्सरचे उपचार त्यात आहेत. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं टेबल असतं, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी तिथे जा. जुन्या हॉस्पिटलमधून बायोप्सीचा ब्लॉक आणि स्लाइड, म्हणजे तपासलेला तुकडा आणि त्याच्या काचा, मागून घे. दोन महिने गेल्यामुळे काही तपासण्या नव्याने सांगतील, त्यावर चिडू नकोस. येशूच्या दृष्टांतातल्या चांगल्या शोमरोन्याने वाटेत पडलेल्या परक्याच्या जखमेवर तेल आणि द्राक्षारस ओतला, आणि दुसऱ्या दिवशी उतारशाळेचे पैसेही भरले. बिल भरणंही त्या गोष्टीतच आहे.

आणि एवढं करूनही आई नाहीच म्हणाली तर? ती सज्ञान आहे, देह तिचा आहे. तिला फसवून, गुंगी देऊन नेता येणार नाही आणि नेऊही नये. दर पंधरा दिवसांनी एकदा विचारत राहा, रोज नको. बोलणं तोडू नकोस. पुढे दुखणं वाढलं तर दुखणं कमी करणारे उपचार, ज्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात, ते तरी घे म्हणून सांग. त्यासाठी कुणाचीच साक्ष मोडावी लागत नाही. आणि त्या वेळी ‘मी सांगत होते’ हे शब्द तुझ्या तोंडून निघू नयेत, एवढं बघ. पण मला वाटतं ती येईल. ‘कशी जाऊ’ म्हणणारं माणूस निम्मं उठलेलं असतं.

केमोच्या खोलीत एसी फार असतो. शाल आणि पायमोजे ने, डब्यात साधा भात ने, पवित्र शास्त्र मोठ्या अक्षरांचं ने. तेलाची बाटली तिच्या पिशवीत असेल तर असू दे. कुणी सिस्टर काही बोलली तर तिला माझं नाव सांग.

आईचं पहिलं नाव तेवढं कळव. माझ्या प्रार्थनेच्या वहीत आडनावं लिहीत नाही.

तुझी,
मावशी